इस्त्रीच्या टेबलावरच्या सह्या

पहिली गोष्ट, मी हसरी नाही. कुणालाही विचारा. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे मला लहानपणापासून इतक्या जणांनी सांगितलंय की आता आरशात मलाच तो दिसतो. त्यामुळे त्या गुरुवारी मालकीणबाईंनी सगळी मशिनं बंद करायला लावली, हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि चष्मा पुसत मोठ्याने वाचायला लागल्या, "मी एक हसरी आई आहे. वसंत आला की माझ्या घराच्या खिडक्या आणि माझं मन एकदमच उघडतं," तेव्हा मी अस्तर कापता कापता मनात म्हटलं, कोण ही बया? हिला काही कामधंदा नाही का?

मग मालकीणबाईंनी खाली छापलेलं नाव वाचलं. माझं होतं.

आमचा कारखाना पडद्यांचा आहे. बारा मशिनं, दोन इस्त्र्या, कापणीची दोन टेबलं. वसंत आला की लोक खिडक्या उघडतात, उजेड आत येतो आणि हिवाळाभर न दिसलेला मळ पडद्यांवर एकदम दिसायला लागतो. मग हॉटेलवाले, दवाखानेवाले, नव्याने संसार मांडलेली जोडपी, सगळे आमच्या दारात. इतरांना या दिवसांत फुलं दिसतात, मला मीटर दिसतात. सकाळी सात ते संध्याकाळी सात कात्री चालते आणि घरी गेल्यावर बोटं मिटत नाहीत.

दोन टेबलांपैकी लहान टेबल माझं. अकरा वर्षं मी त्याच्यावर अस्तर कापतेय. दुसऱ्याने खडूने रेघ मारायची आणि मी त्या रेघेवरून कात्री न्यायची. मोठं टेबल कटिंग मास्तरांचं. मखमलीची लव कुठल्या दिशेला ठेवायची, नक्षीला नक्षी कुठे भिडवायची, सगळं तिथे ठरतं. मास्तरांचे गुडघे गेले, आणि हा हंगाम संपला की ते घरी बसणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांची एक कात्री आहे, कोपरापासून मनगटापर्यंत लांब, काळ्या मुठीची. तिला दुसरं कुणी हात लावत नाही. हंगामाच्या शेवटच्या शनिवारी मास्तर ती ज्याच्या हातात देतील, मोठं टेबल त्याचं.

ते टेबल मला हवं होतं. उगाच आडपडदा कशाला ठेवू, मला ते इतकं हवं होतं की मी घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोटाने मखमलीचे भाग आखायचे. आणि ते मलाच मिळणार, यात कारखान्यात कुणाला शंकाही नव्हती.

"शेवट ऐका सगळ्या," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. "'म्हणून या वसंतात मी ठरवलंय. आता कात्री खाली ठेवायची आणि माझ्या लेकीकडे नीट बघायचं.' अगं, किती छान! पहिलं बक्षीस मिळालंय हिला शाळेत! माझी नात त्याच शाळेत आहे, तिने हा वसंत अंक आणला म्हणून कळलं तरी. तू मला सांगायला संकोचत होतीस ना? मी ओळखलं. काळजी करू नकोस. मोठ्या टेबलाचं मी सकाळीच सुतळीला सांगून टाकलं."

सुतळी म्हणजे कारखान्यात माझ्या शेजारी काम करणारी. उंच, बारीक, हवेने हलेल अशी. कात्रीत अंगठा कसा घालायचा हे तिला मी शिकवलं. ती इस्त्रीच्या मागे उभी होती आणि तिचे कान लालबुंद झाले होते.

"मॅडम, हे मी लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"लाजतेस काय एवढी!" मालकीणबाई म्हणाल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा ओरडून सांगितलं, तोवर बारा मशिनं सुरू झाली होती. त्या आवाजात साधी शिंक ऐकू येत नाही, तर माझं काय ऐकू येणार? मालकीणबाईंनी अंक माझ्या टेबलावर ठेवला, माझा गाल थोपटला आणि गेल्या. मी पान उलटलं. मजकुराखाली सही छापलेली होती. माझी. शेवटच्या अक्षराची शेपटी घसरत घसरत ओळीच्या बाहेर जाते ना, ती जगात दुसऱ्या कुणाची नाही.

घरी पोचेपर्यंत माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

माझा नवरा यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. घरातलं वॉशिंग मशीन त्याला लावता येत नाही, पण वॉशिंग मशीनवर चाळीस पानं लिहील, आकृत्यांसकट. मी आत शिरले तेव्हा तो स्टुलावर उभा राहून खिडकीची चादर काढत होता. हो, चादर. पडदे कापणारीच्या घरात खिडकीला चादरच असते. सासूबाई गॅलरीत गाद्या उन्हाला घालून बसल्या होत्या. भुंगा, म्हणजे माझा धाकटा, सहा वर्षांचा, सतत गुणगुणत असतो म्हणून भुंगा, कुंडीतली माती चमच्याने उकरत होता. थोरली अकरा वर्षांची. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण तिला झोप म्हटलं तरी ती मुद्दे मांडते. ती गृहपाठ करत होती. खिडक्या उघड्या, ऊन आत, सगळे मजेत. अगदी त्या निबंधातल्यासारखं दृश्य. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"अहो," मी म्हटलं.

गुणगुण थांबली. सासूबाईंनी गॅलरीतून मान आत घातली. मी नवऱ्याला एरवी 'अरे' म्हणते. मी 'अहो' म्हटलं की या घरात भांडीसुद्धा वाजत नाहीत.

"काय झालं?" तो स्टुलावरूनच म्हणाला.

"हे काय आहे?" मी अंक त्याच्यासमोर धरला.

त्याचा चेहरा खुलला! शपथेवर सांगते, खुलला. "छापून आलं? पहिलं बक्षीस आहे! बक्षीस समारंभ होईपर्यंत तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं आम्ही." आणि एक शिंक दिली. वसंतात तो दर पाच मिनिटांनी शिंकतो.

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि वकीलबाई. अगं, 'आईचा वसंत' म्हणून स्पर्धा होती. तो फॉर्म तीनदा आला. दोनदा तू टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घातलास. बाईंनी डायरीत लिहिलं, आईंचा प्रतिसाद नाही. म्हटलं, तुला वेळ कुठे आहे, आपणच लिहू. मी सांगितलं, हिने चांगल्या अक्षरात उतरवलं."

"माझ्या नावाने? मी हसरी आई? मी?"

"निबंध आहे तो. निबंधात थोडं..."

"तुमच्या त्या थोड्यामुळे माझं टेबल गेलं!" मग मी सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडले. मालकीणबाई, सुतळी, टाळ्या, शनिवार. अकरा वर्षं. अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या रेघेवरून कात्री चालवली, आणि ह्यांनी दोन पानांत माझा निकाल लावला! नवरा हळूहळू स्टुलावरून उतरला. त्याचा चेहरा पडला होता.

"पण ते शेवटचं वाक्य..." तो म्हणाला.

"एक अक्षर बोलू नका!"

"आई, ते..." वकीलबाई उठली.

"तू गप्प बस. बापाच्या नादाला लागून आईची सही खोटी करायला शिकलीस?"

"खोटी नाही काही!" ती फणकारली. "तूच केलीस. इस्त्रीच्या टेबलावर."

आता हे सांगायला हवं. आमच्या घरी सकाळी पावणेसातला सह्यांची वेळ असते. मला सात वाजता कारखान्यात उभं राहायचं असतं. मी इस्त्रीच्या टेबलावर भुंग्याचा सदरा इस्त्री करत असते, आणि वकीलबाई टेबलाच्या मोकळ्या टोकाला कागद मांडते. तिची डायरी, भुंग्याची डायरी, सहलीची परवानगी, दाताच्या तपासणीची परवानगी, ग्रंथालयाचं कार्ड, काय वाटेल ते. नुसत्या कडा दिसतील असे एकाखाली एक सरकवलेले, म्हणजे पानं उलटायला नकोत. ही तिचीच युक्ती. उजव्या हातात इस्त्री, डाव्या हाताने कागद दाबायचा, इस्त्री ठेवायची, पेन घ्यायचं, सरासर सह्या, परत इस्त्री. एका मिनिटात बारा. मला त्याचा अभिमान होता, कुणाला सांगू नका. कारखान्यात मी बायकांना सांगायचे, आमच्याकडे शाळेच्या कागदांचा काही त्रास नाही बाई.

"तू सही केलीस तेव्हा मला वाटलं, वाचलं असशील," नवरा म्हणाला.

"पावणेसातला? वाचायला? तुम्ही तेव्हा कुठे असता माहितीये का? अंथरुणात शिंकत!"

"भांडा, भांडा," सासूबाई म्हणाल्या. "गाद्या झाल्या, आता मनंही वाळवा."

"आणि माझं नाव का नाही त्यात?" भुंगा म्हणाला. त्याने अंक उचलून शेवटची ओळ बोट ठेवून वाचली होती. "फक्त लेक लिहिलंय. माझ्याकडे नाही बघायचं?"

"तुझ्याकडे बघूनच डोळे गेलेत माझे. जा, हात धू."

वकीलबाई परत काही बोलणार होती, पण मी तिच्याकडे असं बघितलं की ती वही घेऊन आत गेली. नवऱ्याला मी सांगितलं, उद्या कारखान्यात यायचं. मालकीणबाईंसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, हे मी लिहिलं, बायकोने नाही. तो म्हणाला, येतो. माणूस वाईट नाहीये तो. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

शुक्रवारी तो आला. हातात कागद. मला वाटलं दोन ओळी असतील. पण मालकीणबाईंनी तो वाचला आणि माझी मान खाली गेली. वर ठळक अक्षरांत 'महत्त्वाची सूचना'. खाली, 'एक. सदर निबंध उत्पादिकेने स्वतः लिहिलेला नाही.' उत्पादिका म्हणजे मी! 'दोन. शेवटच्या वाक्यातील कात्री प्रत्यक्ष वापरातील कात्री समजू नये. तीन. सही असली तरी ती वाचल्याची हमी समजू नये.'

मालकीणबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. हसणं संपल्यावर मात्र त्या गंभीर झाल्या. "हे बघ," त्या मला म्हणाल्या, "काल तू सहीने एक सांगितलंस. आज नवऱ्याला पाठवून दुसरं सांगतेस. मी कुठलं खरं धरू? सुतळीने घरी सांगितलंय, तिच्या आईने शेजारपाजारी सांगितलंय. आता मी शब्द कसा फिरवू? तरी उद्या मास्तर आहेत. त्यांची कात्री, त्यांचं टेबल. तू त्यांच्यासमोर सांग. ते म्हणतील ते."

नवरा दारात शिंकला आणि गेला. वरातीमागून घोडं, आणि तेही लंगडं.

शनिवारी आम्ही काम लवकर थांबवलं. मास्तरांनी मोठं टेबल स्वतः पुसलं, ब्रशने लव झटकली, खडूचे तुकडे डबीत भरले. मग कात्री समोर ठेवली. सगळ्या बायका भोवती. सुतळी सर्वांत मागे, पण तिची उंची काही लपत नव्हती.

मी पुढे झाले. "मास्तर, तो निबंध माझ्या नवऱ्याने लिहिला. मी कात्री खाली ठेवायचं कधी म्हटलं नाही. मला हे टेबल हवंय. कालही हवं होतं, आजही हवंय."

मास्तरांनी विचारलं, "सही तुझी?"

"माझी."

"वाचलं होतंस?"

"नाही."

"मग सही कशी केलीस?"

"सकाळी घाई असते, मास्तर. बारा बारा कागद असतात."

मास्तरांनी कात्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "अकरा वर्षं तुझं काम बघतोय, पोरी. बोटभरही चुकली नाहीस. तुझ्याइतका हात या हॉलमध्ये कुणाचा नाही, माझाही आता राहिला नाही. पण लहान टेबलावर रेघ दुसऱ्याची असते. इथे रेघ आपली. मखमल एकदा उलटी कापली की परत जोडता येत नाही. सुतळी हळू आहे. पण कापायच्या आधी ती तीनदा बघते. न बघता सही करणाऱ्याच्या हातात ही द्यायला माझं मन घेत नाही."

माझ्या कानशिलात रक्त चढलं. खूप काही बोलायचं होतं, पण तोंडातून एकच प्रश्न निघाला. "मास्तर, तुमच्या मुलांच्या शाळेच्या कागदांवर सह्या कोण करायचं?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "बायको करायची."

"वाचून?"

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. मास्तरांचे कान लाल झाले, अगदी सुतळीसारखे. त्यांनी कात्री उचलली, क्षणभर दोघींच्या मधे धरली, आणि सुतळीला दिली.

मी टाळ्या वाजवल्या. काय करणार? सुतळीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, मला माहीत नव्हतं गं." मी म्हटलं, "अंगठा सैल धर." तिने धरला. मग मी माझी पिशवी उचलली आणि निघाले. रस्त्याने सगळी झाडं फुलली होती. एकेका झाडाला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

त्या दिवशी घरी मी कुणाशी बोलले नाही. माझं न बोलणं माझ्या ओरडण्यापेक्षा वाईट असतं. सासूबाईंनी न सांगता चहा आणून ठेवला आणि न सांगता कप घेऊन गेल्या.

रविवारी दुपारी माझा राग जरा बसला, म्हणजे बसून बोलण्याइतका झाला. "अरे," मी नवऱ्याला म्हटलं. त्याच्या जिवात जीव आला. "मला एकच सांग. बाकी सगळं खरडलंस ते खरडलंस. हसरी म्हटलंस, माझं मन उघडलंस. पण ते कात्री खाली ठेवायचं कुठून सुचलं तुला? तुला माहीत होतं ना मला ते टेबल किती हवं होतं? ओट्यावर आखत होते मी!"

"तेच तर गुरुवारपासून सांगतोय," तो म्हणाला. "तू बोलू देशील तर! ते वाक्य माझं नाहीच. माझा शेवट होता, 'सर्वांना वसंताच्या शुभेच्छा.' अंकात वाचलं तेव्हा मीच चाट पडलो. नंतर विचारलं तर वकीलबाई म्हणाली, तुमचा शेवट कंटाळवाणा होता."

"आणि तू हे मालकीणबाईंना सांगितलं नाहीस?"

"पोरीचं नाव कसं घेणार तिथे?"

मी उठले. वकीलबाई भुंग्याबरोबर गॅलरीत कुंड्यांत बिया पेरत होती, त्यांची बडबड ऐकू येत होती. तिला ओढून आणून जाब विचारायचा, पण आधी पुरावा हवा. वकिलाशी पुराव्याशिवाय बोलू नये. निबंधाचा कच्चा कागद तिच्या डायरीत खोचलेला असणार, ती सगळं डायरीत खोचते. मी दप्तर उघडलं, डायरी काढली आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवली.

कच्चा कागद होताच. नवऱ्याचं गिचमिड अक्षर, 'वसंताच्या शुभेच्छा', आणि त्याच्याखाली पेन्सिलीने तिचं बारीक, गोल अक्षर. कात्री खाली ठेवायची आणि माझ्या लेकीकडे नीट बघायचं. मी तो बाजूला ठेवला आणि उघडलेलं पान मिटायला गेले, तेव्हा त्या पानावरही तेच बारीक अक्षर दिसलं.

तिच्या डायरीत दर दिवसाला एक पान आहे. वर गृहपाठ, मधे बाईंचा शेरा, तळाला 'पालकांची सही' आणि एक रेघ. त्या रेघेच्या अगदी वर, पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आई, हे वाचलंस तर मला टपली मार.'

त्याच्याखाली माझी सही. शेपटी घसरलेली.

मी पान उलटलं. 'आई, आज वाचलंस? टपली.' खाली सही. पुढचं. 'आई, आजपण नाही वाटतं. टपली मार ना.' सही. 'आई, मी गणितात दुसरी आले. टपली.' सही. 'आई, आज डबा भुंग्याच्या दप्तरात गेला, मी काही खाल्लं नाही. टपली.' सही. 'आई, मी जिराफ आहे आणि मला जांभळा ताप आलाय. टपली.' सही, आणि बाजूला बाईंची लाल बरोबरची खूण. बाईंनीही वाचलं नसणार. बाईही कुणाची तरी आई असतील. 'आई, मला फळ्यावरचं दिसत नाही. बाई म्हणाल्या चष्मा लागेल, घरी सांग. सांगितलं. टपली.'

सही.

मी मागे मागे गेले. हिवाळ्यापासून होतं. एकही शाळेचा दिवस सुटलेला नव्हता. आणि पुढे, निबंधाचा कागद सहीला ठेवला त्या दिवसानंतर, काहीच नव्हतं. नुसती रेघ आणि नुसती सही.

मला इतका राग आला की तो कुणाचा आलाय हेच कळेना. नवऱ्याचा म्हणावं तर तो बिचारा मागे उभा राहून माझ्या खांद्यावरून वाचत होता आणि शिंक दाबून धरत होता. "सोमवारपासून पावणेसातला उठायचं," मी त्याला म्हटलं. "निम्मे कागद तुझे. आणि वाचायचे. सगळे." तो लगेच हो म्हणाला. मास्तरांचा राग? होता, अजूनही आहे, तो जाणार नाही. बाईंचा, मालकीणबाईंचा, त्या वसंत अंकाचा, सगळ्यांचा होता. पण त्या घसरलेल्या शेपटीकडे बघितलं की सगळे एकेक करून बाजूला व्हायचे आणि मी एकटी उरायचे.

"काखेत कळसा," सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

मी डायरी हातात घेतली आणि गॅलरीत गेले.

वकीलबाई माझ्याकडे पाठ करून उकिडवी बसली होती. बियांचं पाकीट डोळ्यांच्या अगदी जवळ, नाकाला लागेल इतकं जवळ धरून ती भुंग्याला वाचून दाखवत होती. दोन बोटं अंतर ठेवावे. रोज थोडे पाणी द्यावे. मी तिच्या मागे उभी राहिले आणि तिच्या डोक्यावर एक टपली मारली.

"आई!" ती किंचाळली. "का मारलंस? मी काय केलं?"

मी दुसरी मारली.

"बाबा! बघा ना ही! उगाच मारतेय!"

तिसरी मारली. ती ताडकन उठली, मातीचे हात कमरेवर, तोंड उघडलेलं, सगळे मुद्दे तयार. मग तिला माझ्या हातातली डायरी दिसली.

तोंड तसंच उघडं राहिलं. भुंगासुद्धा गुणगुणायचा थांबला. तिने डायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग हळूच तोंड मिटलं आणि फ्रॉकला हात पुसले. मातीचे पट्टे उठले, इतर दिवशी मी त्यावरून घर डोक्यावर घेतलं असतं.

"तीन झाल्या," मी म्हटलं.

"बेचाळीस आहेत," ती म्हणाली, आणि डोकं पुढे केलं.